ज्वारीचा दाणा आणि त्याची पारख
(सात रस्ता, सोलापूर येथील भाषण)



जवापासून माल्ट करणारे लोक दाणा टपोरा आहे का, त्यातील प्रथिने बेताची आहेत का व सर्व दाण्यांना एकाच वेळी मोड येतात का, हे पाहतात. आपल्या जिल्ह्याचे धान्य ज्वारी. तिची कसोटी भाकरी.

ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते. आधणाचे पाणी पडताच पिठातील स्टार्च फुगून चिकटतो आणि पिठाला विरी येते. काढणीच्या सुमारास पाऊस लागून कणसातच दाणा उगवला, तर विकरे स्टार्चचे विघटन करतात, विरी जाते व भाकरी थापताना चिरते. माल्टासाठी जो गुण, तोच भाकरीसाठी दोष ठरतो.

रब्बी ज्वारी कोरड्या हवेत पिकते. म्हणून तिचा दाणा मोत्यासारखा राहतो व काळ्या बुरशीपासून बहुधा वाचतो. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ अशाच दाण्यामुळे व कडब्यामुळे टिकून राहिली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सत्त्वासाठी ज्वारीला मोड अवश्य आणावेत. परंतु कोंबांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. म्हणून दाणे वाळवून, कोंब व मुळ्या चोळून काढून मगच ते दळावेत.

नवे वाण निवडताना एकरी उताऱ्याबरोबर तव्यावरची भाकरीही तपासली जावी. बियाणे घेताना शेतकरी बंधूंनी हा प्रश्न आवर्जून विचारावा, आणि उत्तर देताना संशोधकांनी घरातील गृहिणीचे मत प्रमाण मानावे, एवढीच विनंती.