पाण्याला सातबारा नसतो

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. ही कऱ्हा पुरंदरच्या डोंगरात उगम पावते आणि सासवड, जेजुरी, मोरगाव असा प्रवास करीत बारामती तालुक्यात नीरेला मिळते. नीरा नरसिंगपूरला भीमेस भेटते. भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते आणि पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेत विलीन होते. पुरंदरच्या माथ्यावर पडलेला थेंब वाटेत अडला नाही तर थेट बंगालच्या उपसागरास पोहोचतो. वाटेत तो कोणाच्या शेतात थांबतो आणि कोणाच्या दारावरून नुसता निघून जातो, हा प्रश्न जितका भूगोलाचा तितकाच न्यायाचा आहे.

पावसाच्या पाण्याला चार वाटा फुटतात. काही उन्हावाऱ्याने उडून जाते. काही मातीत मुरते. पिके, गवत, झाडे ते पिऊन पुन्हा हवेत सोडतात. काही उतारावरून ओढ्यात धावते. उरलेले मुरमात आणि खडकाच्या भेगांत झिरपते. दख्खनचा काळा पाषाण अंगचा घट्ट आहे. पाणी साठते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि सांध्यांत. म्हणून हा साठा मोठा नसतो. तोच विहिरींना झरे देतो आणि पावसाळा सरल्यावर ओढ्यात पाझरत राहतो. हिवाळ्यात वाहणारा ओढा जमिनीच्या पोटातील पुंजीवर वाहत असतो. तेव्हा विहिरीचे पाणी निराळे आणि नदीचे निराळे, हा समज खोटा आहे. वरच्या अंगाला उपसा वाढला की खालच्या विहिरी आटतात, ओढा आटतो आणि अखेरीस नदीही आटते.

राज्याराज्यांमधील तंट्यात हे सत्य मान्य झाले आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७३ साली संपूर्ण खोरे एक धरून २,०६० टीएमसी पाण्याची वाटणी केली. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. पण तेच पाणी गावाच्या शिवारात शिरले की न्याय बदलतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे, ठराविक प्रवाहातून न वाहणारे पाणी जमीनमालकाच्या हवाली केले. ज्याची जमीन त्याचे पाणी, आणि ज्याची बोअर खोल त्याचे शेजाऱ्याचेही पाणी! ज्याला जमीनच नाही, त्याने हंडा घेऊन उभे राहावे.

थोडा हिशेब मांडावा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. पुरंदरच्या पूर्वेकडील पट्ट्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी ५,००० घनमीटर. उसाला सुमारे २,००० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी लागते. चार हेक्टरांवर पडलेला प्रत्येक थेंब अडविला तरी तो एका हेक्टर उसालाच पुरणार. प्रत्यक्षात प्रत्येक थेंब अडत नाही. म्हणून अशा मुलखात एकाचा ऊस उभा राहतो, तेव्हा अनेकांची ज्वारी करपते.

यावर उत्तर याच कऱ्हेच्या मुलखात शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेल्या विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली नायगावला देवस्थानची ४० एकर ओसाड जमीन खंडाने घेतली. उतारावर समपातळीत बांध घातले, पाझर तलाव केला, त्याखाली विहीर घेतली. तेथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर मोजायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. पाणलोटाचे शास्त्र आणि समतेचे तत्त्व तेथे एका बांधावर भेटले.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने पाणलोट क्षेत्रासाठी समित्यांची तरतूद केली आहे. पण अशा समितीत केवळ बागायतदारच बसले, तर जुनीच मालकी नव्या नावाने नांदेल. कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. प्रत्येक ओढ्याचा माथा ते पायथा नकाशा काढावा. विहिरी आणि बोअर मोजाव्यात. पावसाळा संपताच गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्याप्रमाणे पिके ठरवावीत. त्या सभेत पाणी वाहणाऱ्या स्त्रिया आणि भूमिहीन मजूर यांना पहिली जागा असावी.

रोजगार हमीवर बांध घालणाऱ्या हातांनी पाणी अडविले. त्या हातांना त्याच पाण्यात वाटा नसावा, हे कोणत्या न्यायात बसते? पाणी बांध ओळखत नाही, जात ओळखत नाही, सातबारा तर मुळीच ओळखत नाही. माणसांनी केलेली ही मालकी माणसांनीच मोडावयाची आहे.