‘ओल्सुन’ म्हणजे ‘होवो’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी तरी एखाद्या उपयुक्त विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला ‘तुर्की कला आणि सण’ हा विषय दिला, तेव्हा ‘याचा आपल्याला उपयोग काय?’ असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. म्हणून या विषयाशी माझा संबंध काय, ते आधी सांगते.

माझी सून तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरची. हा देश आता स्वतःला ‘तुर्किये’ म्हणवतो, आणि 2022 सालापासून संयुक्त राष्ट्रसंघातही तेच नाव चालते. माझ्या विहीणबाईंना तुर्कीखेरीज दुसरी भाषा येत नाही आणि मला तेव्हा तुर्कीचे अक्षरही येत नव्हते. दोन आज्या, एक नात आणि मध्ये दुभाष्या म्हणून माझा मुलगा, असा आमचा संसार चालला होता. पण भगिनींनो, विहिणी-विहिणींचे बोलणे मुलाच्या तोंडून करता येत नाही! म्हणून वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी तुर्की शिकायला बसले.

शिकू लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. तिचे क्रियापद आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी येते. ‘बेन एवे गिदियोरुम’ म्हणजे ‘मी घरी जात आहे’. शब्दाखाली शब्द मांडून पाहा, क्रम तोच. तिला लिंगभेद नाही. तो, ती आणि ते या तिघांना मिळून ‘ओ’ हे एकच अक्षर. मात्र ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आपल्याप्रमाणेच काटेकोर पाळतात. स्वरांची तर तेथे पंगतच असते. पहिल्या पाटावर ज्या जातकुळीचा स्वर बसला, त्याच कुळीचे पुढे वाढले जातात. ‘एव’ म्हणजे घर, त्याचे अनेकवचन ‘एवलेर’. पण ‘ओकुल’ म्हणजे शाळा, तिचे अनेकवचन ‘ओकुल्लार’.

शिवाय फारसी-अरबीच्या वाटेने जे शब्द आपल्या घरी आले, तेच त्यांच्याही घरी गेले. साबण तेथे ‘साबुन’, हिशेब ‘हेसाप’, दुकान ‘द्युक्कान’. ‘देफ्तेर’ म्हणजे वही, ती आपल्या मुलांच्या दप्तराची बहीण. भरतकामाला ‘नाकश’ म्हणतात, म्हणजे आपली नक्षी. आपली शर्करा फारसीतून प्रवास करीत तेथे ‘शेकेर’ होऊन बसली आहे.

पण मला खरा जिव्हाळा वाटला तो नात्यांच्या शब्दांनी. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी या साऱ्याजणी एका शब्दात कोंबलेल्या असतात. तुर्कीत मावशी म्हणजे ‘तेय्झे’ आणि आत्या म्हणजे ‘हाला’. नणंदेला ‘ग्योरुम्जे’, जावेला ‘एल्ती’. आणि व्याही-विहिणींनाही त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, ‘द्युन्युर’. बाजारात अनोळखी वयस्क बाईला ‘तेय्झे’ आणि जरा मोठ्या मुलीला ‘आब्ला’, म्हणजे ताई, अशी हाक मारतात. मला तेथे पहिल्याच दिवशी एका भाजीवाल्याने ‘तेय्झे’ म्हटले आणि आपल्याच मंडईत उभी असल्यासारखे वाटले.

आता सणांकडे वळते. तुर्कीत सणाला ‘बायराम’ म्हणतात. रमझानचा महिना संपल्यावर तीन दिवसांचा ‘रमझान बायराम’ येतो. त्या दिवसांत घरोघर मिठाई वाटतात, म्हणून त्याला ‘शेकेर बायराम’, साखरेचा सण, असेही म्हणतात. आदल्या दिवशी लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर जाऊन येतात. सणाच्या सकाळी नवे कपडे घालून आधी घरातल्या सर्वांत वडील माणसाकडे जायचे, त्याच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात आपल्या कपाळाला लावायचा, आणि मुलांनी मिठाई किंवा पैसे घ्यायचे. आपण दसऱ्याला सोने देऊन वाकतो, त्याचीच मला आठवण झाली. या महिन्यात इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींच्या दोन मिनारांमध्ये दोऱ्या ताणून दिव्यांनी अक्षरे लिहितात. त्याला ‘माह्या’ म्हणतात. पूर्वी तेलाचे दिवे असत, आता विजेचे असतात. शिकाऊ माणसाला याहून मोठा फळा कोठला मिळणार?

23 एप्रिल 1920 रोजी अंकारा येथे त्यांची राष्ट्रसभा प्रथम भरली, आणि तो दिवस ते मुलांचा सण म्हणून पाळतात. मे महिन्याच्या पाच-सहा तारखेला ‘हदरेल्लेझ’ हा वसंताचा सण येतो. त्या रात्री स्त्रिया आपली इच्छा कागदावर लिहून किंवा तिचे चित्र काढून गुलाबाच्या झाडाशी ठेवतात.

बुर्सा हे छायानाट्याचेही गाव. कारागोझ आणि हाजिवात हे त्यातले दोन नायक. येथल्या एका मशिदीच्या बांधकामावर ते मजूर होते, अशी दंतकथा आहे. उंटाच्या कातड्याच्या, रंग दिलेल्या, आरपार उजेड जाणाऱ्या बाहुल्या पडद्यामागून नाचवतात. पडद्याला शब्दही ‘पेर्दे’च! आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंत कातडी बाहुल्यांचा खेळ करतात, त्याच जातीची ही कला. हाजिवात शिकलेला, तो फारसी-अरबी शब्दांनी नटलेली भाषा बोलतो. कारागोझ अडाणी आणि रोखठोक. त्याला ते शब्द कळत नाहीत, तो भलतेच ऐकतो आणि भलतेच उत्तर देतो, आणि सारी गंमत तेथेच होते. परक्या भाषेत धडपडणाऱ्या प्रत्येकाने हा खेळ पाहावा. आपली फजिती तेथे आधीच कोणी तरी रंगवून ठेवली आहे, आणि तिच्यावर लोक शतकानुशतके प्रेमाने हसत आले आहेत.

या मंडळात विणकाम-भरतकामाचे वर्ग चालतात, म्हणून एक कला जरा सविस्तर सांगते. डोक्याच्या रुमालाच्या कडेला तुर्की स्त्रिया सुईने बारीक फुलापानांची लेस विणतात. तिला ‘ओया’ म्हणतात. पूर्वी गावोगाव या ओयेला अर्थ असे. नव्या सुनेला सासूपुढे किंवा नवऱ्यापुढे मनातले बोलायची सोय नव्हती. ते ती कडेला विणी. लाल मिरचीची ओया डोक्यावर घेतली, की नवऱ्याशी बिनसले आहे हे घरादाराला कळे. सासूला हिरव्या कुरणाची ओया भेट दिली, तर दोघींचे गूळपीठ आहे असे समजावे; आणि थडग्याच्या दगडाची दिली, तर हा अबोला मरेपर्यंत सुटणार नाही, असे! आपल्याकडे बायकांनी जे जात्यावरच्या ओवीत सांगितले, ते त्यांनी सुईने सांगितले. विहीणबाईंनी मला त्यांच्या आईच्या हातचा एक जुना रुमाल दाखवला. त्याच्या कडेला मिरच्याच मिरच्या होत्या. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो, आणि त्या हसण्याला दुभाष्या लागला नाही.

आता ज्या शब्दासाठी हे सारे सांगितले, तो शब्द ‘ओल्सुन’. त्याचा अर्थ ‘होवो’, ‘असो’. तुर्की संसारात प्रत्येक प्रसंगाला एक ठरलेले शुभवचन आहे, आणि पुष्कळांच्या शेवटी हा शब्द येतो. आजाऱ्याला म्हणायचे ‘गेच्मिश ओल्सुन’, झाले ते सरलेले असो. न्हाऊन आलेल्याला ‘सह्हात्लेर ओल्सुन’, आरोग्य लाभो. सणाला ‘बायरामनझ कुत्लु ओल्सुन’. काम करीत असलेल्या कोणाही माणसाजवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’, सोपे जावो. आणि जेवण झाल्यावर करणारणीला ‘एलिनिझे साअलक’, तुमच्या हातांना आरोग्य असो. भगिनींनो, चाळीस वर्षे मी स्वयंपाक केला. ‘छान झाले’ हे ऐकले, ‘मीठ कमी आहे’ हेही ऐकले. पण माझ्या हातांचे कुशल प्रथम कोणी चिंतिले ते बुर्साला!

दोन वर्षांपूर्वी माझे व्याही वारले. विहीणबाईंना फोन लावला तेव्हा माझा मुलगा शेजारी उभा होता. मला आलेले सारे व्याकरण त्या क्षणी पळून गेले. राहिले ते एकच वाक्य. ‘बाशनझ साअ ओल्सुन’, तुम्ही कुशल असा. पलीकडून थोड्या वेळाने उत्तर आले, ‘दोस्त्लार साअ ओल्सुन’, मैत्र कुशल असोत. एवढेच झाले. पुढे आम्ही दोघीही काही वेळ नुसत्या फोन धरून बसलो. पण ते दोन वाक्यांचे बोलणे आमचे आम्ही केले होते. तुर्की शिकल्याचे सार्थक काय, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

म्हणून परकी भाषा शिकू इच्छिणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. व्याकरण शिका, ते हवेच. पण त्याबरोबर त्या लोकांचे सण, त्यांची हातकला, त्यांच्या सुखदुःखाची ठरलेली वाक्ये शिका. बाजारहाट खुणांनीही होतो. सांत्वन होत नाही. ‘आता या वयात काय?’ असे कृपा करून म्हणू नका. 1928 साली अतातुर्कांनी अरबी लिपी काढून रोमन लिपी आणली, तेव्हा सारा देश एका अर्थी निरक्षर झाला; आणि 1929 च्या जानेवारीपासून प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी राष्ट्रशाळा उघडल्या. त्यांत आपल्यासारख्या संसारी बायका पाटी घेऊन बसल्याच ना?

तुर्कांचा नसरुद्दीन होजा आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आकशेहिर गावी दर जुलैत त्याचा उत्सव होतो. एकदा होजा तळ्याकाठी बसून चमच्याने पाण्यात विरजण घालीत होता. लोक हसले, ‘अरे, तळ्याचे कधी दही लागते का?’ होजा म्हणाला, ‘आणि लागले तर?’

मैत्रिणींनो, आपल्या शेजारी कानडी, गुजराती, बंगाली, तेलुगू बोलणारी घरे आहेत. त्यांच्या येत्या सणाला त्यांच्याच भाषेतले एक शुभवचन पाठ करून त्यांच्या दारी जा. विरजण एक चमचाच पुरते.

मंडळाची उत्तरोत्तर भरभराट ओल्सुन!