बाईला जोड कुठून आणायची?



जत्रेच्या फडात डावाआधी बघतात ती जोड. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात. जोड लागली की हलगी कडाडते. एखादी पोरगी उभी राहिली, की मात्र पंच इकडेतिकडे बघायला लागतात. हिला जोड कुठून आणायची?

सत्तर वर्षांपूर्वी एका बाईपुढे हीच अडचण होती. तिने ती सरळ सोडवली. बाई मिळत नाही ना? मग पुरुष आणा!

हमीदा बानू मूळच्या मिर्झापूरच्या. अलीगढला सलाम पहिलवानांच्या हाताखाली तयार झाल्या. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. म्हणजे जोड लावायची तर दोन्ही अर्थांनी! पतियाळाचा एक मल्ल पडला, कलकत्त्याचा पडला. मे महिन्यात बडोद्याला छोटे गामा 'बाईशी लढणार नाही' म्हणून ऐनवेळी मागे फिरले. त्यांच्या जागी बाबा पहिलवान उतरले आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाले. हलगीवाल्याचा हातसुद्धा गरम झाला नसेल.

वर्तमानपत्रांनी त्यांचा खुराक चवीने छापला. साडेपाच लिटर दूध, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, किलोभर बदाम, वर दोन ताटं बिर्याणी. पुरुष पहिलवानाच्या खुराकाचं कौतुक होतं, बाईच्या खुराकाचा तमाशा होतो.

आता आपल्या महाराष्ट्राची गोष्ट, जरा खाली मान घालून ऐका. कोल्हापुरात त्यांनी सोमासिंग पंजाबीला हरवलं, तर लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. कुस्तीची पंढरी म्हणतो आपण त्या गावाला. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. बाईंनी थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही. कुस्त्या भरवणारे तुमच्यासमोर 'डमी' मल्ल उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

या डावाला तोड नाही, मंडळी! हरला तो डमी, आणि लढलाच नाही तो मानाचा मल्ल. मग बाईने जिंकून दाखवायचं तरी कोणासमोर? काही कुस्त्या नुरा, म्हणजे आधी ठरवलेल्या, असतीलही, मी शपथ घेणार नाही. पण किंगकाँग आणि दारासिंगच्या फ्रीस्टाइलबद्दलही लोक असंच कुजबुजत, आणि तिकीट काढून शिट्ट्याही मारत.

आपली परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. मोरारजींचा शब्द इथे चालत नव्हता. बाईंना कुणीतरी आपली म्हण सांगायला हवी होती, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी!'

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटाच्या आत लोळवलं. आता युरोपात जाऊन लढेन म्हणाल्या, आणि आखाड्यातून दिसेनाशा झाल्या. जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानांनीच त्यांचे हात मोडले, असं त्यांच्या नातवाने बीबीसीला सांगितलं आहे. त्या झटापटीत समोर डमी नव्हता. पुढे कल्याणला त्यांनी दूध विकलं, पैसे संपले की घरी केलेलं खाणं रस्त्यावर विकलं. १९८६ साली त्या गेल्या.

मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तुंगच्या प्रतीक्षा बागडीने अंतिम कुस्तीत वैष्णवी पाटीलला हरवलं. वैष्णवी कल्याणचीच. म्हणजे बाईला बाईची जोड आता मिळते, शोधणारा हवा.

इथे जत्रा कमिटीची चार माणसं बसलेली मला दिसताहेत. यंदाच्या पत्रकात मुलींच्या कुस्त्या वेगळ्या छापा, इनाम पोरांइतकंच ठेवा. जोड नाही म्हणून हात वर करू नका. सेलू, जिंतूर, गंगाखेडला माणूस पाठवा. तरीही नाही मिळाली, तर वजन बघून एखादा पोरगा उभा करा. आणि तो पडला, तर त्याला डमी म्हणू नका.