खोत, कूळ आणि सातबारा



अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना प्रांतात चार्ल्स्टनजवळ मॅग्नोलिया नावाचा मळा आहे. १६७६ च्या सुमारास ड्रेटन घराण्याने तो वसविला. त्या मुलखात आपल्यासारखेच भात पिके. चिखलात राबत ते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. नाव राहिले ते घराण्याचे. ही गुलामगिरी संपविणाऱ्या अमेरिकन लोकांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला.

आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात असे घराणे खोताचे. गावचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचा हक्क त्याच्याकडे वंशपरंपरेने चाले. कूळ विकले जात नव्हते, हा फरक खरा. पण निम्मे भात खोताच्या खळ्यावर, वर वेठ आणि कर्ज. आगरी, कुणबी, महार सारेच त्यात भरडले गेले.

१९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. तो संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोताला मोबदला व कसणाऱ्याला जमिनीचा हक्क, असे ते बिल होते. ते मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

बाबासाहेबांनी जमिनीच्या हक्कावर भर का दिला? अमेरिकेकडे पाहा. १८६५ साली गुलाम मुक्त झाले. काहींना चाळीस एकरांपर्यंत जमीन मिळू लागली होती. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत केल्या. मोकळा झालेला माणूस पुन्हा मालकाच्याच शेतावर अर्धेलीने राबू लागला.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे कायद्याने मालक झाली. परंतु ज्यांचे नाव कागदोपत्री लागले नव्हते, त्यांना कूळ असल्याचे सिद्ध करणे कठीण गेले. मी बँकेतला कारकून. पीककर्जासाठी कोणी आला की आम्ही प्रथम सातबारा मागतो. बापजाद्यांपासून शेत कसणाराही, नाव नसेल तर, रिकाम्या हाताने परततो.

विद्यार्थी मित्रहो, घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आपण कोणाची जमीन कसत होतो? जुने सातबारे व फेरफार काढून वाचा, वहीत उतरवून ठेवा. खोतांच्या घराण्यांचे कागद जपले गेले. राबणाऱ्यांची हकिकत आपणच लिहिली पाहिजे.

जय भीम!