तेल निघाले, तरी खार राहतो

(उरण तालुक्यातील खारजमीनधारक शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मुंबई हाय येथे १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तेथील तेल व वायू समुद्राखालच्या नळांतून आपल्या उरणला येतात. तेलाबरोबर आलेले पाणी शुद्ध करून सोडतात, मग ते भाताला का चालू नये, असे आपल्यापैकी काहीजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी 'शुद्ध करणे' म्हणजे काय, ते पाहू.

पाणी कसे शुद्ध होते?

तेलविहिरीतून नुसते तेल येत नाही. खडकात साठलेले पाणीही वर येते. ते समुद्राच्या पाण्याइतके, कधी त्याहूनही खारट असते. लोण्यात ताकाचे थेंब अडकतात, तसे या पाण्याचे थेंब तेलात अडकून राहतात. लोणी कढवल्याशिवाय तूप सुटत नाही. येथेही उष्णता देतात व थेंबांभोवतीचा पातळ पापुद्रा फोडणारे रसायन घालतात. मग थेंब एकत्र येऊन पाणी खाली बसते. बरेचसे पाणी समुद्रातच वेगळे होते, उरलेले किनाऱ्यावर.

या पाण्यात तेलाचे सूक्ष्म कण राहतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी किंवा लोहाचे क्षार घातले की हा भार नाहीसा होऊन कणांचे पुंजके बनतात. हवेचे बुडबुडे सोडून ते वर आणतात आणि दुधावरची साय काढावी तसे काढून घेतात. उरलेली सेंद्रिय घाण जिवाणूंकडून कुजवतात.

मीठ का जात नाही?

आपण घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो. पाणी निवळते, पण खारट विहीर तुरटीने गोड होत नाही. येथेही तसेच आहे. तेल तरंगते म्हणून काढता येते. विरघळलेले मीठ या रसायनांना दाद देत नाही.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार समुद्रकिनारी सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चालते, सिंचनासाठी मात्र १० पर्यंतच. समुद्रात सोडताना मिठाची अडचण नसते, कारण समुद्राच्या पाण्यातच लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भाताचे तसे नाही. जमिनीची विद्युतवाहकता ३ डेसिसायमनच्या वर गेली की पुढील प्रत्येक एककामागे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते. म्हणून समुद्रासाठी शुद्ध झालेले पाणी शेतासाठी शुद्ध समजू नये.

आपण काय करावे?

१) पाणी स्वच्छ दिसते म्हणून नाल्याचे किंवा खाडीचे पाणी शेतात घेऊ नये. आधी क्षार तपासून घ्यावेत.

२) पावसाळ्यापूर्वी खारबांधाची भगदाडे बुजवावीत, उघाडीची दारे घट्ट बसतात का ते पाहावे. पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून ओहोटीला बाहेर काढावे. जमिनीतले मीठ धुण्याचा हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

३) पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे भाताचे वाण क्षार सहन करतात. त्यांचा विचार करावा.

४) खाडीत तेलाचा तवंग दिसल्यास उघाडी ताबडतोब बंद करावी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल उरणच्या किनाऱ्यालाही लागले होते. तेव्हा तवंग कारखान्यातूनच आला असेल असे नाही.

५) तवंगावर साबण किंवा धुण्याची पावडर टाकू नये, त्याने तेल पाण्यात मिसळून जमिनीत मुरते. पेंढ्याच्या गुंडाळ्या आडव्या टाकून तेल टिपावे. तो पेंढा जाळू नये, उकिरड्यातही टाकू नये.

६) पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावा; प्लास्टिकला तेल चिकटते. तारीख, वेळ व जागा लिहावी. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे.

जमीन खारावली की ती सुधारायला कित्येक पावसाळे जातात. नमुन्याला एक बाटली लागते, बांधाला चार टोपल्या माती. ती वेळीच घाला, एवढेच सांगणे आहे.