रक्तवाहिन्यांचा दाह आणि दुधारी औषधे



नाक सतत चोंदलेले राहते, त्यातून रक्ताच्या खपल्या पडतात, कान ठणकतो. काही आठवड्यांनी खोकल्यातून रक्त येऊ लागते, वजन उतरते आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात पोकळी दिसते. आपल्या देशात अशा रुग्णाविषयी पहिला संशय क्षयाचाच यावा, हे स्वाभाविक आहे. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, औषधांचा गुण येत नाही आणि तरीही तेच उपचार महिनोन्महिने चालू राहतात, तेव्हा मात्र रुग्णाचा मोलाचा काळ हातातून निसटत असतो. कारण एक दुर्मीळ व्याधी हुबेहूब हेच रूप घेऊन येते. ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’ हे तिचे आजचे नाव. पूर्वी ती वेगेनर यांच्या नावाने ओळखली जाई. कुंपणानेच शेत खावे, त्याप्रमाणे येथे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर उलटते. मूत्रपिंडाचा दाह तर वेदना न देताच वाढतो आणि काही आठवड्यांत रुग्णावर डायलिसिसची पाळी आणू शकतो. म्हणूनच लघवीची साधी तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि ‘अँका’ या प्रतिपिंडाची चाचणी यांना एवढे महत्त्व आहे.

या व्याधीवर उपचार नव्हता, तो काळ फार जुना नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार निदानानंतर रुग्ण सरासरी पाच महिने जगत असे; शंभरातील ब्याऐंशी जण वर्षाच्या आत दगावत. स्टेरॉइडमुळे हे आयुष्य काही महिन्यांनी वाढले, एवढेच. खरा पालट घडला तो सायक्लोफॉस्फामाइडमुळे. युद्धातील मोहरी-वायूच्या कुळातले हे रसायन मूळचे कर्करोगावरचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अँथनी फाउची आणि शेल्डन वुल्फ यांनी ते स्टेरॉइडच्या जोडीने दिले. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचा वृत्तांत मांडला. त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांमध्ये व्याधी पूर्णपणे शमली होती.

परंतु त्याच संस्थेने १९९२ साली १५८ रुग्णांचा लेखाजोखा प्रामाणिकपणे पुढे ठेवला, तेव्हा या यशाची किंमतही दिसली. ४६ टक्के रुग्णांना गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. ४२ टक्के रुग्णांना खुद्द उपचारांमुळेच कायमचे काही ना काही व्यंग आले होते. वंध्यत्व आले, मूत्राशयाला इजा झाली, काहींना तेथे कर्करोगही झाला. शिवाय शमलेली व्याधी निम्म्या जणांमध्ये पुन्हा उफाळली. रोग मारतो आणि औषधही इजा करते, अशा कात्रीत सापडलेल्या वैद्यकाचे पुढील तीन दशकांचे संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरले : रोगाला डोके वर काढू न देता विष किती कमी करता येईल?

रिटुक्सिमॅब हे त्याचे एक उत्तर. प्रतिपिंडांच्या निर्मितीशी निगडित असलेल्या ‘बी’ पेशींनाच ते लक्ष्य करते. १९७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीस तोड ठरले. व्याधी उलटलेल्या रुग्णांत तर सरसच. हे औषध महाग खरे. तथापि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना थोडा दिलासा मिळाला. मात्र ते देण्यापूर्वी ‘ब’ प्रकारच्या काविळीची तपासणी अनिवार्य आहे, अन्यथा शरीरात दडलेला विषाणू जागा होऊन यकृतावर घाला घालू शकतो. दडलेल्या क्षयाचा शोधही आपल्याकडे आधीच घेतलेला बरा. स्टेरॉइडबाबतचा दिलासा २०२० साली मिळाला. ७०४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या सहा महिन्यांतील स्टेरॉइडची एकूण मात्रा नेहमीच्या ६० टक्क्यांहून कमी ठेवली, तरी मृत्यू वा मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण वाढले नाही आणि गंभीर जंतुसंसर्ग घटले.

येथे कुटुंबाची भूमिका सुरू होते. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, झोप उडते. शेजारीपाजारी ‘एवढी कडक औषधे कशाला?’ असे विचारतात. इकडे रुग्णाला बरे वाटू लागलेले असते. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद होतात. दीर्घकाळच्या स्टेरॉइडमुळे शरीराने स्वतःचे संप्रेरक बनविणे जवळपास थांबविलेले असते; औषध एकाएकी तोडले तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने, पायरी-पायरीने. आराम पडल्यावरही रिटुक्सिमॅब किंवा अझाथायोप्रिन यांसारखे राखण-औषध बहुधा काही वर्षे द्यावे लागते.

तरुण रुग्णाला सायक्लोफॉस्फामाइड सुरू करण्यापूर्वी अपत्यप्राप्तीचा विषय संकोच न बाळगता डॉक्टरांपुढे काढला पाहिजे. बीज जतन करण्याची सोय आता उपलब्ध आहे आणि ती वेळ नंतर येत नाही. या उपचारांत साधा तापही अंगावर काढू नये. आणि लघवीत रक्त दिसले, तर ते मूत्रपिंडात पुन्हा भडकलेल्या दाहाचे असेल किंवा वर्षांपूर्वी घेतलेल्या सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला केलेल्या इजेचे. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना जुनी औषधे, त्यांची मात्रा आणि तारखा यांची नोंद असलेली वही सोबत न्यावी.