नुसतं 'ओ पॉझिटिव्ह' पुरत नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, दहा मिनिटं घेते, पण विषय माझा. एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत. मला रक्तावर बोलायचंय. मी डॉक्टर नाही. आपल्या बॅचचे डॉक्टर समोर बसलेत, काही शंका वाटली तर त्यांनी तिथूनच विचारावं.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण इंदापूर तालुक्यातून एसटीनं शाळेत यायची. तिच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या परवानगीनं सांगतेय. नाव घेणार नाही, आणि तुम्हीही आजूबाजूला बघू नका. या आजारात शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवता येत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून लाल पेशी द्याव्या लागतात. जन्मभर. या मुलीला आता दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या लागतात. त्यासाठी मायलेकी सोलापूर रस्त्यानं पुण्याला जातात आणि रात्री परत येतात. मुलगी अकरावीला आहे, वाटेत अभ्यास करते.

मध्यंतरी असं झालं की रक्त चढवूनही हिमोग्लोबिन टिकेना. आठवड्याभरात डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली. रक्तगट तर बरोबर होता. मग तपासण्या झाल्या आणि कळलं, की तिच्या शरीरानं दात्याच्या लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्यात. एक 'मोठ्या ई'विरुद्ध आणि दुसरी 'छोट्या सी'विरुद्ध.

मैत्रिणीनं मला फोनवर विचारलं, "अगं, हे ई आणि सी काय असतं? मला तर ए, बी, ओ एवढंच माहीत." मलाही तेवढंच माहीत होतं. मग मी वाचायला बसले.

आपल्या गोठ्यातल्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, तसे लाल पेशीच्या अंगावर बिल्ले असतात. त्यांना अँटिजेन म्हणतात. ए आणि बी हे त्यातले दोन बिल्ले. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ते जगापुढे मांडले. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ज्यावरून ठरतं तो 'डी' हा तिसरा. आपल्या कार्डावर या तिघांचीच नोंद असते. प्रत्यक्षात आजवर साडेतीनशेहून जास्त अँटिजेन सापडलेत आणि त्यांचे पंचेचाळीसच्या आसपास गट-समूह केलेत. त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्या महाराष्ट्रात लिहिलं गेलं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे लोक शोधले, जे साध्या तपासणीत 'ओ' वाटतात, पण ज्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. जग आजही त्याला 'बॉम्बे ग्रुप' म्हणतं. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो. तेव्हापासून वैद्यकाला हे माहीत आहे, की कार्डावर 'ओ' लिहिलं म्हणजे सगळं कळलं असं होत नाही.

ज्याला आयुष्यात एखाद्या वेळी रक्त लागतं, त्याला बाकीच्या बिल्ल्यांनी सहसा फरक पडत नाही. पण ज्याला वर्षाला तीसपस्तीस पिशव्या लागतात, त्याच्या शरीरात दर वेळी नवा अनोळखी बिल्ला शिरण्याची शक्यता असते. भारतातल्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत साधारण शंभरातल्या पाचदहा जणांत अशा अँटिबॉडी आढळतात.

तुम्ही म्हणाल, रक्तपेढी क्रॉसमॅच करते ना? करते, आणि ते हवंच. पण क्रॉसमॅचला आज रक्तात असलेली अँटिबॉडी दिसते. उद्या तयार होणारी त्याला दिसत नाही. शिवाय काही अँटिबॉडी काही महिन्यांत इतक्या कमी होतात की तपासणीत सापडतच नाहीत. तोच बिल्ला पुन्हा आत आला की त्या जोरानं उसळतात आणि काही दिवसांनी दिलेलं रक्त फुटायला लागतं. म्हणून अशा रुग्णाकडे अँटिबॉडीची नोंद असलेलं कार्ड कायम हवं. मैत्रिणीनं ते लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलंय, आणि त्याचा फोटो मुलीच्या, तिच्या आणि माझ्या अशा तिन्ही फोनमध्ये आहे.

यावर उपाय माहीत आहे. थॅलेसेमिया इंटरनॅशनल फेडरेशनच्या सूचना सांगतात, की पहिलं रक्त देण्याआधीच रुग्णाचे अँटिजेन तपासून ठेवा, आणि ए-बी-ओ व डीबरोबर मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई आणि 'केल' हेही जुळवून रक्त द्या. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. एकदा रक्त चढलं की नळीत दात्याच्या पेशीही मिसळलेल्या असतात, मग साध्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा डीएनए तपासणी करावी लागते. इंग्लंडच्या एनएचएसनं जानेवारी २०२४ मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी ती सुरू केली. आपल्याकडे परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या विषयातली जुनी जाणती संस्था आहे. दुर्मिळ गटांच्या दात्यांची नोंदही ती ठेवते.

आता गणिताच्या बाई समोर आहेत, म्हणून हिशेब फळ्यावर मांडल्यासारखा मांडते. मुलगी ओ पॉझिटिव्ह. आपल्याकडे शंभरात साधारण ३३ जण ओ गटाचे. तिला मोठा ई आणि छोटा सी नसलेलं रक्त हवं. असे भारतात शंभरात चाळीसच्या थोडे वर. म्हणजे ३३ मधले उरले १४. उद्या 'किड' नावाच्या समूहातल्या 'जे-के-ए' या बिल्ल्याविरुद्ध अँटिबॉडी झाली, तर तो नसलेले लोक पाचात एक. १४ चे उरले तीन. आम्ही डेटाबेसमध्ये अटींवर अटी लावतो तेव्हा असंच होतं. प्रत्येक अट एकेकटी साधी असते, पण सगळ्या एकत्र लागल्या की यादी रिकामी व्हायला लागते.

पण चौदा म्हणजे अगदी कमी नाहीत. बारामतीच्या कुठल्याही रक्तदान शिबिरात असे लोक येऊन रक्त देऊन, बिस्किट खाऊन जातात. ते कोण, हे कुणी तपासून लिहून ठेवलेलं नसतं, एवढंच. गरज पडली की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओ पॉझिटिव्ह तातडीने हवे' टाकतो. तो मेसेज गरज संपल्यावरही चार दिवस फिरतो, आणि त्यात ई-सी काहीच नसतं. सरकारच्या ई-रक्तकोषवर साठा दिसतो, पण तोही ए-बी-ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढाच.

माझ्या धंद्याच्या नजरेनं यातली सगळ्यात चांगली गोष्ट अशी, की माणसाचे हे बिल्ले जन्मभर बदलत नाहीत. दाता एकदा नीट तपासला, खात्रीसाठी पुढच्या वेळी पुन्हा पाहिला, की ती नोंद कायमची. माझ्या कामात असा न बदलणारा डेटा नशिबानंच मिळतो.

पुढचा हिशेब. दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या, म्हणजे वर्षाला ३५. पुरुषाला तीन महिन्यांनी रक्त देता येतं, म्हणजे वर्षात चार वेळा. स्त्रीला चार महिन्यांनी, म्हणजे तीन वेळा. एका मुलीसाठी जुळणारे नियमित नऊ-दहा दाते पुरतात. ते सापडायला सुमारे ६५ दाते लागतील, आणि त्यातल्या ओ गटाच्या २१-२२ जणांचीच पुढची तपासणी करायची. तपासणीची रसायनं महाग असतात, म्हणून हे आधी गाळून घेणं महत्त्वाचं.

आज या सभागृहात आपण ६५ पेक्षा जास्त आहोत.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. एक, वर्षातून एकदा एकत्र रक्त देण्याऐवजी आपण पाळी लावून देऊ. गणपतीत, शिवजयंतीला, नेत्यांच्या वाढदिवसाला आपल्याकडे रक्ताचा पूर येतो आणि मे महिन्यात टंचाई. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. पुराचं पाणी धरणात साठवता येतं, रक्त नाही. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. आपल्यातले बरेच जण यात बसतात. पहिल्यांदाच देणाऱ्यानं मात्र साठीच्या आत सुरुवात करावी. दोन, ज्या रक्तपेढीत आपण देऊ तिला विनंती करू, की नियमित दात्यांचे हे पाचसहा अँटिजेन तपासा. खर्चाचा वाटा बॅच उचलेल. तीन, ही यादी रक्तपेढीच्याच ताब्यात राहील. आपल्या ग्रुपवर कुणाची माहिती फिरणार नाही, आणि कुणाचं रक्त कुणाला गेलं हे कुणी विचारणार नाही. नोंदी ठेवायला सॉफ्टवेअरची मदत लागली तर ती माझ्याकडे लागली.

हे सगळं एकाच मुलीसाठी नाही. बारामती-इंदापूर भागात अशी आणखी मुलं असतील, त्यांचे गट वेगळे असतील. तुमच्यातला बी किंवा ए गटाचा माणूस त्यांच्या कामाचा. आणि ज्यांच्या घरात आजच एखाद्या बाळाचं निदान झालंय, त्यांना एवढंच सांगा: पहिली पिशवी लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, "अँटिजेन तपासून ठेवूया का?" तेव्हा विचारलेला हा एक प्रश्न पुढच्या चाळीस वर्षांचं काम सोपं करतो.

जेवणानंतर दाराशी वही ठेवली आहे. नाव, रक्तगट आणि कुठल्या महिन्यात जमेल, एवढंच लिहायचंय. मे आणि जूनची पानं आधी भरली तर मला जास्त आनंद होईल.